मॅरेथॉनचा मोसम आला. पहिल्या पाच मिनिटांचा बंदोबस्त कुठे?

बेळगाव : पाऊस उघडला, दसरा-दिवाळी उरकली की सीमाभागात धावण्याच्या शर्यतींचा मोसम सुरू होतो. शहरात हाफ मॅरेथॉन, दहा किलोमीटर, पाच किलोमीटर. संस्थांच्या वर्धापनदिनाची दौड, बँका-सोसायट्यांची ‘आरोग्य दौड’, गावोगावी जत्रेच्या निमित्ताने धावण्याच्या स्पर्धा. शिवाय इथली धावणारी मंडळी साताऱ्याच्या डोंगरावर, गोव्यात चिखलीच्या रिव्हर मॅरेथॉनला आणि मुंबईला जाऊन येतात ती वेगळीच. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पूर्वी पहाटे चालणारे दिसायचे, आता घड्याळात किलोमीटर मोजत पळणारे पन्नाशीतले गृहस्थ दिसतात. चांगली गोष्ट आहे, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

तक्रार आहे ती शर्यतीच्या तयारीबद्दल. अशा शर्यतीच्या परवानगीसाठी कागदपत्रं तयार होतात तेव्हा त्यात मार्ग असतो, वेळ असते, वाहतूक कुठून वळवायची ते असतं, ध्वनिक्षेपक असतो, प्रमुख पाहुण्यांची नावं असतात. वैद्यकीय व्यवस्थेच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच ओळ : ‘रुग्णवाहिका उपलब्ध राहील.’ ती कुठे उभी राहील, त्यात काय असेल, मार्गाच्या टोकाला माणूस कोसळला तर किती मिनिटांत पोहोचेल, यातलं काहीच विचारलं जात नाही. माणूस जगतो की जातो, हे मात्र याच न विचारलेल्या प्रश्नांवर ठरतं.

आधी धोका किती ते पाहू. कारण अशी एखादी बातमी आली की लगेच ‘धावणंच वाईट’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरू लागतात.

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख धावपटूंची माहिती तपासली गेली. त्यात शर्यतीदरम्यान किंवा लगेच नंतर हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना सापडल्या. म्हणजे पावणेदोन-दोन लाख धावपटूंमागे एक. पुरुषांमध्ये हे प्रमाण बायकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये हाफपेक्षा जास्त. त्या ५९ जणांपैकी ४२ दगावले, म्हणजे शंभरातले ७१. त्याच डॉक्टरांच्या गटाने पुढच्या काळाचा, २०१० ते २०२३ चा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. धावपटू २ कोटी ९३ लाख, हृदय बंद पडण्याच्या घटना १७६. प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. मृत्यू मात्र ५९, म्हणजे शंभरातले ३४.

हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. तेरा-चौदा वर्षांत हृदय बंद पडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. लोक तसेच धावले, तसेच कोसळले. पण पूर्वी कोसळलेल्या दहांपैकी सात जायचे, आता दहांपैकी साडेसहा वाचतात. औषधात किंवा ऑपरेशनमध्ये एवढी क्रांती झालेली नाही. कोसळलेल्या माणसाच्या छातीवर लगेच दाब द्यायला कुणीतरी पुढे आलं आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र वेळेत पोहोचलं, त्याचा हा फरक असल्याचं ते डॉक्टर सांगतात.

आपल्याकडे शर्यतींमधल्या अशा घटनांची नोंद एका जागी ठेवलेली नाही. बातम्या तेवढ्या आहेत. २०२२ साली सातारा हिल मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला. २०२४ च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये दोघे गेले. प्रत्येक बातमीत ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे शब्द ठरलेले. पण डॉक्टर ज्याला झटका म्हणतात ते आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कळला नाही तर पुढचं सगळंच चुकतं.

झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. छातीत दुखतं, घाम फुटतो, डावा हात भरून येतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो. त्याला दवाखान्यात न्यायला थोडा तरी वेळ असतो. हृदय बंद पडतं तेव्हा बिघाड विजेचा असतो. ठोक्यांची लय विस्कटते, हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकलतच नाही. काही सेकंदांत माणूस कोसळतो. झटक्यातून हृदय बंद पडू शकतं, पण झटका नसतानाही पडू शकतं. पस्तिशीच्या आतल्या धावपटूंमध्ये हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणं, रक्तवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागेवरून निघणं, तापानंतर हृदयाला आलेली सूज, विजेच्या यंत्रणेतला आनुवंशिक दोष अशी कारणं असतात. त्यापुढच्या वयात मुख्य कारण एकच, रक्तवाहिन्यांतला अडथळा.

आणि इथे सेकंदांचा हिशेब सुरू होतो. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला इजा व्हायला लागते. दहा मिनिटांनी रुग्णवाहिका आली तर ती बहुधा मृतदेहच घेऊन जाते, मग ती कितीही सुसज्ज असो.

आता आपल्या रस्त्यावर हे कसं दिसेल ते पाहा. चाळिशीचा धावपटू, शेवटचे दोन किलोमीटर राहिलेत, लोक टाळ्या वाजवताहेत, म्हणून तो जोर लावतो. अचानक तोंडावर पडतो. हात-पाय झटकतात, तोंडातून घरघर येते. भोवती गर्दी होते. कुणी म्हणतं, फीट आली. कांदा आणा, चप्पल हुंगवा, किल्ली हातात द्या. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी त्याला उठवून बसवतं आणि तोंडात ग्लुकोजचं पाणी ओततं. तीन मिनिटं गेली. कुणी तरी १०८ लावतं, कुणी व्हिडिओ काढतं.

यात लोकांची माया कमी नाही, माहिती कमी आहे. हृदय बंद पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत फीटसारखे झटके येऊ शकतात. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. मेंदूची शेवटची धडपड असते ती. धावता धावता कोसळलेला माणूस हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय बंद पडलं असं धरूनच चालायचं. नाडी शोधत बसायचं नाही. सराव नसलेल्याला ती सापडत नाही. उताणं झोपवून छातीच्या मध्यभागी, हाडावर, एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर सरळ ठेवून दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान दोन इंच आत जाईल इतकं, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर सोडून द्या, नुसता दाबही चालतो. दोन मिनिटांत हात भरून येतात, तेव्हा शेजारच्याने लगेच हातात घ्यायचं. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी ‘कोल्स’ या नावाने आखलेली पद्धत हीच आहे, फक्त दाब. शिकायला तासभर पुरतो.

दाबाने मेंदूला थोडं रक्त मिळत राहतं, वेळ विकत मिळतो. पण विस्कटलेली लय जाग्यावर आणायला विजेचा झटकाच लागतो. त्यासाठी एईडी नावाचं, डब्याएवढं यंत्र असतं. उघडलं की ते स्वतःच बोलून सूचना देतं. छातीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या, यंत्र ठोके तपासतं, गरज असेल तरच झटका द्यायला सांगतं. गरज नसेल तर बटण दाबूनही झटका देत नाही. म्हणजे चुकून कुणाला मारण्याची भीती नाही. जपानने २००४ साली सामान्य नागरिकांना ते वापरण्याची मोकळीक दिली आणि स्टेशन, शाळा, दुकानं सगळीकडे यंत्रं बसवली. टोकियो मॅरेथॉनमध्ये तर ही यंत्रं पाठीवर घेऊन सायकलस्वार पथकं मार्गावर फिरत असतात. २००९ मध्ये तिथले लोकप्रिय विनोदी कलाकार कुनिहिरो मात्सुमुरा धावताना कोसळले. हृदय बंद पडलं होतं. मार्गावरच झटका मिळाला आणि ते वाचले. सगळ्या जपानने ते पाहिलं.

सायकलवरच का? कारण शर्यतीच्या वेळी रस्ता धावणाऱ्यांनी भरलेला असतो. समजा, सीपीएड मैदानावरून निघून हिंडलग्याच्या दिशेने जाऊन परत येणारी शर्यत आहे आणि रुग्णवाहिका व्यासपीठाशेजारी उभी आहे. सात किलोमीटरवर माणूस पडला, तर समोरून येणारी दीड हजार माणसं चिरत ती जाणार कशी? शर्यत टिळकवाडीच्या बाजूला असेल तर रेल्वे गेट आहेच. गेट पडलं की सायरन वाजवत उभं राहायचं. मोठे दवाखाने उत्तरेला, जिल्हा रुग्णालय आणि नेहरूनगरच्या बाजूला. शहरात दवाखान्यांची कमतरता नाही, पण पहिल्या पाच मिनिटांत दवाखाना किती मोठा आहे याला काही अर्थ नसतो.

साधा हिशेब मांडता येतो. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल तीन मिनिटांत एक किलोमीटर जाते. म्हणजे एक सायकलस्वार आपल्या दोन्ही बाजूंचा एकेक किलोमीटर, एकूण दोन किलोमीटर रस्ता सांभाळू शकतो. जाऊन-येऊन हाफ मॅरेथॉनचा प्रत्यक्ष रस्ता साडेदहा किलोमीटर. पाच सायकलींमध्ये तो जवळजवळ भरतो, सहावं यंत्र शेवटच्या रेषेवर. शेवटच्या टप्प्यात जास्त लक्ष हवं, कारण अमेरिकेतल्या नोंदींमध्ये शर्यतीच्या अखेरच्या चौथ्या भागात कोसळणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त आहे.

एक यंत्र साधारण लाखाच्या घरात, कंपनीनुसार कमी-जास्त. सहा यंत्रं, सहा लाख. ती पाच वर्षं वापरली तर वर्षाला एक लाख वीस हजार. दीड हजार धावपटू असतील तर माणशी ८० रुपये. पट्ट्यांची मुदत दोनेक वर्षांत संपते, बॅटरी बदलावी लागते, ते धरून शंभर म्हणू. शहरात वर्षाला चार शर्यती होत असतील आणि चौघा आयोजकांनी मिळून यंत्रं घेतली तर माणशी पंचवीस. शर्यतीचा टी-शर्ट, मेडल, नाश्ता यांच्यावर माणशी किती खर्च होतो ते आयोजकांना ठाऊकच आहे. पैशांची अडचण आहे हे उत्तर या हिशेबात बसत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते शक्यतेच्या आकड्यावर. अमेरिकेतलं प्रमाण इथे लावलं तर दोन हजार धावपटूंच्या ऐंशीहून अधिक शर्यतींमागे एक अशी घटना. वर्षाला एक शर्यत घेणाऱ्या मंडळाला ती आयुष्यात कदाचित दिसणारही नाही. ‘आमच्याकडे आजवर काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच खरं असतं आणि म्हणूनच धोक्याचं. दुकानाला आग लागण्याची शक्यताही अशीच कमी असते, तरी व्यापारी विमा उतरवतोच.

दुसरा मार्ग सुचवला जातो तो आधीच तपासणी करण्याचा. ‘फिटनेस सर्टिफिकेट’ सक्तीचं करा, झालं. ऐकायला बरं वाटतं. इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली, आणि तिथल्या व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू पुढच्या दोन दशकांत जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. इस्रायलनेही तशीच सक्ती केली. तिथे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले तर फरक दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. इटलीचा अनुभव तरुण खेळाडूंचा आहे, जन्मजात दोष ईसीजीत पकडता येतात. आपल्या शर्यतींत कोसळण्याची भीती जास्त आहे ती चाळीस-पंचावन्नच्या पुरुषाला, आणि त्याचा अडथळा विश्रांतीच्या ईसीजीत दिसेलच असं नाही. ईसीजी नॉर्मल आला म्हणून खुशाल पळणारे कितीतरी आहेत. त्यातही आपल्याकडे फिटनेस सर्टिफिकेट कसं मिळतं, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. माणूस न पाहता सही-शिक्क्याचा कागद मिळत असेल, तर त्याचा उपयोग आयोजकाला जबाबदारीतून सुटण्यापुरताच.

त्यापेक्षा धावणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारलेले बरे. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? धावताना छातीत जडपणा, जबड्यात किंवा खांद्यात ओढ, नेहमीपेक्षा जास्त दम, चक्कर, भोवळ असं काही होतं का? साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू? ताप येऊन गेल्याला किती दिवस झाले? अमेरिकेत धावण्याचं वेड लावणाऱ्या पुस्तकाचा लेखक जिम फिक्स १९८४ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी धावतानाच गेला. त्याच्या वडिलांना पस्तिशीत झटका आला होता आणि ते ४३ व्या वर्षी वारले होते. धावणं सुरू केल्यानं फिक्सचं वजन आणि सिगारेट सुटली, घराण्याचा वारसा सुटला नाही. धावण्याने त्याला मारलं असं म्हणणं चूक. वडिलांच्या वयाच्या पुढे नऊ वर्षं त्याला धावण्यानेच मिळाली असतील. पण तपासणीचा सल्ला त्याने मनावर घेतला असता तर कदाचित आणखी मिळाली असती.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला, तो २०२३ मध्ये आला. कोविडच्या लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. हे सांगायलाच हवं, कारण तो मेसेज अजून फिरतोय. वाढलेला धोका दिसला तो कोविडने रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात अचानक मृत्यू झालेल्यांत, आणि मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू पिणं किंवा अंगाला झेपणार नाही इतका व्यायाम करणं यांत. शनिवारी रात्री पार्टी आणि रविवारी पहाटे २१ किलोमीटर, असं करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ताकद येण्यासाठी दुकानातून घेतलेल्या पावडरींबद्दलही तेच. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात मरण पावलेल्या तरुण धावपटूच्या चौकशीत डीएमएए हे उत्तेजक द्रव्य पुढे आलं होतं. ते पावडरीतून पोटात गेलेलं होतं.

कोसळलेला प्रत्येक जण हृदयामुळेच कोसळतो असंही नाही. इस्रायलमध्ये तेल अवीवच्या शर्यतींत २००७ ते २०१३ या काळात धावलेल्या सव्वा लाखाहून अधिक लोकांत हृदयाच्या गंभीर घटना दोन झाल्या, उष्माघाताच्या गंभीर घटना २१, आणि मृत्यू दोन्ही उष्माघाताचेच. बेळगावची पहाट थंड असते म्हणून इथे याकडे लक्ष जात नाही, पण घाट उतरून गोव्याच्या दमट हवेत धावायला जाणाऱ्यांना हा धोका हृदयापेक्षा जवळचा आहे. उष्माघातात माणूस बडबडतो, चिडतो, भलतीकडे चालू लागतो, अंग भट्टीसारखं तापलेलं असतं. त्याला गाडीत घालून दवाखाना गाठण्याच्या आधी जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवायचं असतं. शेवटच्या रेषेजवळ एक प्लास्टिकचं टब आणि शंभर किलो बर्फ, एवढीच तयारी लागते.

आता ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही त्यांच्याकडे वळू. हाफ मॅरेथॉन धावणाऱ्याकडे निदान बिब असतो, घड्याळ असतं, घरी चारचाकी असते. सीमाभागातली सर्वांत जास्त धावणारी मंडळी वेगळी आहेत. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. खानापूर, चंदगड, हुक्केरी, निपाणी भागातल्या वाड्यांवरची पोरं पहाटे चारला उठून हमरस्त्याच्या कडेने पळत असतात. अग्निवीर, पोलीस, राखीव दल, जे लागेल ते. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास काढायचे, तर छाती फुटेपर्यंत पळावंच लागतं. भरतीच्या दिवशी हीच पोरं रात्रभर मैदानाबाहेर झोपून, पाव-चहावर, हजारोंच्या गर्दीत पळतात.

याचा परिणाम काय होतो ते दोनदा दिसलेलं आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना किमान चार तरुण गेले. त्यानंतर अंतर कमी करावं लागलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीसाठी तासाभरात दहा किलोमीटर धावायची अट होती. दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांना धावण्याची चाचणी काही दिवस थांबवावी लागली. कारणांत ऊन होतं, दमणूक होती, उत्तेजक घेतल्याचा संशयही व्यक्त झाला. पण हजारो तरुणांना धावायला लावणारा आयोजक इथे सरकारच होता. एखाद्या क्लबने अशी शर्यत घेतली असती तर दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल झाला असता.

सराव करणाऱ्या पोरांसाठी तर आयोजकच नाही. तिथे दाब द्यायला येईल तो शेजारी पळणारा मित्रच. म्हणून शिकवायचं असेल तर आधी भरतीच्या अकादम्यांत आणि गावच्या तालमीत शिकवावं लागेल. तिथे दम असलेली, हात मजबूत असलेली मुलं आहेत. डॉक्टरांच्या संघटनेने रविवारी एक तास दिला तरी पुरे.

सरकार काहीच करत नाही असं नाही. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी व्यायामानंतर गेले, त्यानंतर कर्नाटकाने त्यांच्या नावाने हृदयज्योती योजना आणली. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाने पाहायचा आणि रक्ताची गाठ विरघळवणारं महाग इंजेक्शन तिथेच फुकट द्यायचं. सार्वजनिक ठिकाणी एईडी बसवणंही त्यात आहे. २०२५ मध्ये हासन जिल्ह्यातल्या मृत्यूंवरून गदारोळ झाला, तेव्हा रुग्णालयाबाहेरच्या अचानक मृत्यूंची नोंद आणि शवविच्छेदन सक्तीचं करण्याचं आरोग्य खात्याने जाहीर केलं. हे नीट झालं तर शर्यतीत कोण का कोसळलं, याची खरी माहिती पहिल्यांदा हाती येईल. तिकडे महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आणि त्यावरून दोन्हीकडे राजकारण रंगलं. योजना दोन्ही राज्यांच्या आहेत, त्या दवाखान्याच्या दारापासून सुरू होतात. दारापर्यंतची पाच मिनिटं कुणाच्याच योजनेत नाहीत.

लोक पुढे यायला घाबरतात हेही खरं. पोलीस विचारतील, बरगडी मोडली तर आपल्यावर येईल. बरगडी मोडू शकते. जीव वाचत असेल तर ती जुळते. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी तरतूद केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात घातली, पण ती रस्ते अपघातापुरती आहे. कर्नाटकाने तर मदत करणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला. ही माहिती शर्यतीच्या सकाळी ध्वनिक्षेपकावरून दोनदा सांगितली, तर पाहुण्यांच्या भाषणातली तेवढी मिनिटं सत्कारणी लागतील.

पोलीस आयुक्तालय आणि महापालिका यांच्या हातात मात्र एक सोपी गोष्ट आहे, परवानगी. त्या अर्जात वैद्यकीय व्यवस्थेची एक ओळ असते तिथे एक पान मागता येईल. मार्गाच्या नकाशावर यंत्रं कुठे, ती घेऊन फिरणारे कोण, दाब देण्याचं शिक्षण घेतलेले स्वयंसेवक किती, रुग्णवाहिका मार्गात कुठून शिरणार आणि कोणत्या रस्त्याने बाहेर पडणार, कोणत्या दवाखान्याला आदल्या दिवशी कळवलंय, आणि एखादा कोसळला तर स्वयंसेवकांनी कोणत्या एका नंबरवर फोन करायचा. बिबच्या मागे धावपटूच्या घरचा फोन आणि चालू असलेली औषधं लिहायची जागा. नियमित शर्यती घेणाऱ्या मंडळांना हे पान भरायला संध्याकाळ पुरेल. ज्यांना भरता येणार नाही, त्यांनी शर्यत घ्यावी का, हा प्रश्न तिथेच सुटेल.

शहराबाहेरच्या शर्यतींना आणखी एक गोष्ट तपासावी लागेल. चंदगड रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात शिनोळीला राज्य बदलतं. दोन्ही राज्यांत १०८ आहे, पण दोन्हीकडची केंद्रं वेगळी, भाषा वेगळी, गाड्या वेगळ्या. सीमेवरून लावलेला फोन कोणत्या टॉवरवर जातो आणि कोणत्या राज्याच्या केंद्रात लागतो, हे आयोजकांनी शर्यतीच्या आठवडाभर आधी त्या त्या वळणावर उभं राहून, फोन लावून पाहावं. केंद्रावरच्या माणसाला चाचणी असल्याचं सांगावं, आणि गाडी कुठून येईल, किती वेळ लागेल, ते विचारून लिहून घ्यावं.